जाड पुस्तकांचा उन्हाळा

परवा भर दुपारी आमच्या सोसायटीत यंदाचा पहिला टँकर आला. मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून वाकून बघितलं. ड्रायव्हरनं पाईप सरळ जमिनीखालच्या टाकीत सोडला, वॉचमननं कागदावर सही ठोकली, टँकर रिकामा झाला आणि निघूनही गेला. एक माणूस खाली उतरला नाही. कुणी कुणाचा उद्धार केला नाही, कुणाची घागर कुणाच्या पायावर आदळली नाही. आता ह्याला काय टंचाई म्हणायची? मला मेलीला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग तो वास वर आला. तापलेल्या पत्र्याचा, डिझेलचा आणि ठिबकलेल्या पाण्यानं भिजलेल्या फुफाट्याचा. दुसऱ्या कुणाला त्या वासानं तहान लागत असेल, मला जुनी पुस्तकं आठवतात. टँकर आणि पुस्तकं माझ्या डोक्यात एकाच कप्प्यात ठेवलेली आहेत, आणि ती तिथं मी ठेवली नाहीत, आमच्या वाचनालयाच्या सभासदांनी ठेवली.

तेव्हा मी पैठण रोडवरच्या एका वसाहतीत ग्रंथपाल होते. वसाहत म्हणजे काय, तर शहर वाढता वाढता शेतात सांडलं होतं. लासूर, गंगापूर, चितेगाव, कुठून कुठून माणसं आली होती. कुणाची जमीन सलग दोन वर्षं करपलेली, कुणाची मेंढरं विकून झालेली. बापे कंपनीत, बाया बांधकामावर नाहीतर धुण्याभांड्याला. जो तो एक खोली बांधून झाली की दुसरीच्या तयारीला लागलेला. शहराला पाणी नेणारी मोठी पाईपलाईन आमच्या डोळ्यांदेखत धरणाकडून तिकडं जायची. आमच्याकडं नळ लवकरच येणार आहे असं आम्हाला प्रत्येक निवडणुकीत कळायचं.

पटांगणाच्या कडेला एक लांबडं पत्र्याचं सभागृह, तेच आमचं वाचनालय. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसणं म्हणजे भाकरीनं तव्यावर बसणं. कपाटाच्या कडीला हात लावला की चटका बसायचा. जुन्या पुस्तकांच्या पाठीचा डिंक मऊ व्हायचा आणि दोन शेजारची पुस्तकं एकमेकांना चिकटून बसायची. एक कूलर होता, पण त्यात घालायला पाणी कुठलं? त्यावर आम्ही वर्तमानपत्रं ठेवायचो. दुपारी बारा ते चार वाचनालय बंद. मी घरी जाऊन ओलं फडकं डोक्यावर घेऊन पडायची.

वाचक म्हणाल तर पेपर वाचणारे चार म्हातारे, आणि पाचवा नुसताच झोपायला यायचा. त्यामुळंच ती आपत्ती आली. शहरात गुलमंडीच्या बाजारातल्या एका कापडवाल्या शेठना गोदामाला जागा हवी होती आणि आमच्या कार्यकारिणीला ते सभागृह त्यांना भाड्यानं देण्याचा मोह पडला. पुस्तकं पोत्यात भरून कुठल्यातरी माळ्यावर जाणार. मेच्या शेवटच्या रविवारी सर्वसाधारण सभा ठेवली होती. घटनेत नियम असा की, निम्मे सभासद सभेला आले तर निर्णय सभेचा, नाही आले तर कार्यकारिणी म्हणेल ते. आणि मागच्या सभेला आले होते ते चार म्हातारे. पाचवा झोपला होता.

आमचे अध्यक्ष नाना, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. स्वतःच्या घरी चहा मागायचा तरी विषयपत्रिका काढतील. ते म्हणाले, सभासद आले तर मला आनंदच आहे बाई, पण नियमाबाहेर मी जाणार नाही. मी घरी येऊन रडले. सरळ सांगते, नोकरीसाठी तर रडलेच, पण त्या पुस्तकांसाठीही रडले. एकेका पुस्तकाला मी कव्हर घातलं होतं हो.

त्याच सुमारास नाना कुठल्याशा शिबिराला जाऊन आले. विषय होता, वाचनालयांनी मोबाईलवरून समाजाशी नातं कसं जोडावं. येताना त्यांनी दोन पानं भरून मुद्दे आणले आणि माझ्यापुढं ठेवले. रोज एका पुस्तकाचा फोटो टाका. वाचकांना प्रश्न विचारा. मतं मागवा. थेट प्रक्षेपण करा. बुडत्याला काडीचा आधार, मी लागले कामाला. 'आपलं वाचनालय' नावाचा ग्रुप काढला आणि सगळ्या सभासदांना त्यात कोंबलं.

पहिल्या दिवशी मी एका सुंदर प्रवासवर्णनाचा फोटो टाकला. खाली चौदा ओळींची ओळख लिहिली, पोटतिडकीनं. त्यावर गुलाबाची फुलं आली, हात जोडलेले आले, आणि एक प्रश्न आला: टँकर कवा येणार हाय? दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तुम्हाला काय वाचायला आवडतं, कथा, कविता की चरित्र? बहुमत 'टँकर कवा' ह्यालाच पडलं. मग मी थेट प्रक्षेपण केलं. चांगली साडी नेसून, कपाटासमोर उभी राहून कविता वाचली. ती बघितली फक्त लासूर स्टेशनच्या माझ्या बहिणीनं. तिनं लगेच फोन करून विचारलं, मागचा पडदा कुठून घेतला?

आमचा शिपाई भिवाजी म्हणायचा, "म्याडम, माणूस तहानंनं मरायलाय, अन् तुम्ही त्याला कविता पाजायल्या." भिवाजी चितेगावच्या पलीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. वडील मेंढरं घेऊन गोदाकाठानं खाली गेलेले, हा इथं पुस्तकं राखायला. दोन्ही कामं सारखीच आहेत असं त्याचं मत होतं. फक्त पुस्तकं रात्री ओरडत नाहीत म्हणून हे काम बरं.

आणि मग, आठवडाभरात, चमत्कार झाला. बाया यायला लागल्या. ज्यांनी सभासद होऊन एकदाही उंबरा ओलांडला नव्हता त्या सकाळी वाचनालय उघडायच्या आधी दारात उभ्या. बापे कंपनीच्या बसआधी धावत यायचे, पुस्तक घ्यायचे, पळायचे. मला तर आभाळ ठेंगणं झालं. मी ग्रुपवर आणखी जोरात लिहायला लागले. चौदा ओळींच्या वीस झाल्या.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. कवितासंग्रहाला कुणी हात लावत नव्हतं. जायचे ते कोशाचे खंड, बांधीव चरित्रं, शेतीचे जाडजूड ग्रंथ. पटांगणासमोर राहणाऱ्या शकुमावशींनी तर पुस्तक दोन्ही हातांत धरून तोलून बघितलं आणि मला म्हणाल्या, "हे लई हलकं हाय बाई. पातळ पुस्तक टिकत नाय." मी थक्क झाले. ह्या बाईनं उभ्या आयुष्यात कांदे आणि माणसं सोडून काही पारखलं नव्हतं आणि वाङ्मयाबद्दल काय बोलली! ते वाक्य मी ग्रुपवर टाकलं, वाचक गंभीर साहित्याकडं वळत आहे अशी टिप्पणी जोडून. नानांनी ते कार्यकारिणीपुढं वाचून दाखवलं. माझं अभिनंदन झालं. शेठच्या बाजूच्या दोघांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

माणसाला कौतुक पचत नाही ते असं. एका दुपारी मी घरी गेलेच नाही. पुढचं टिपण लिहायचं म्हणून आतून कडी लावून बसले. साधारण दीडच्या सुमाराला बाहेर गलका ऐकू आला म्हणून खिडकी किलकिली केली. बाहेर ऊन असं की लिंबाची सावलीसुद्धा झाडाखाली दडून बसलेली. आणि त्या लिंबापासून पार फाटकापर्यंत, फुफाट्यात, एकामागं एक, रांगेनं, माझी पुस्तकं मांडलेली.

मला आधी वाटलं ऊन लागलं. मी डोळे चोळले. पुस्तकंच होती, माझ्या कव्हरांची. मधेच विश्वकोशाचा खंड, त्यामागं ज्वारीवरचे रोग, त्यामागं एक थोर चरित्र, त्यामागं बांधीव दिवाळी अंक, सुतळी बांधून.

ह्यात एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. टँकर कधी येईल ह्याचा नेम नसायचा, आणि कामाला गेलेल्या माणसानं दिवसभर रांगेत उभं कसं राहायचं? म्हणून जागा धरायची. पूर्वी घागर ठेवायचे, पण घागरी चोरीला जायला लागल्या. मग विटा आल्या. विटेचा कायदा कडक होता. जिथं वीट ठेवली ती जागा त्या माणसाची, बापाचा बाप आला तरी ती हलवायची नाही. मात्र टँकर रिकामा होऊन सुटायच्या आत तो माणूस नाहीतर त्याच्या घरचं कुणीतरी येऊन उभं राहिलं पाहिजे, नाही आलं तर जागा गेली. भांडणं व्हायची, डोकी फुटायची, पण विटेला हात लावला असं कुणाबद्दल कधी ऐकलं नाही.

"मग विटांना काय झालं?" मी बाहेर धावत जाऊन भिवाजीवर ओरडले.

भिवाजी नाक खाजवत म्हणाला, "विटा कुठं राह्यल्यात म्याडम? जो तो खोली बांधायलाय. रांगेतला माणूस हात लावत नाय, पण बाहीरचा गवंडी जाता जाता उचलून भिंतीत बसवतोय. पुस्तक कोण न्हेतंय?"

पुस्तक कोण न्हेतंय! माझ्या वीस ओळी, माझे फोटो, माझं गंभीर साहित्य, सगळं त्या एका वाक्यात मातीला मिळालं. वरून तेवढ्यात टँकर घेऊन आलेले रफिकभाई केबिनमधून उतरून कौतुक करायला लागले. आधी कुणाच्याही वस्तूवरून चाक घालणारा हा माणूस आता लांबूनच वळण घेत होता. म्हणाले, "किताब पे पय्या नै चढाता मैं, मॅडम. गुनाह लगता."

मी संतापून मोबाईल काढला, अख्ख्या रांगेचा फोटो घेतला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हे पाहा आपल्या सभासदांचे वाचनप्रेम. शरम वाटली पाहिजे.' आणि वाट बघत बसले, माफीची.

माफी? त्या ग्रुपवर इतके निरोप कधी आले नव्हते. कंपनीतून एकानं विचारलं, माझा खंड रांगेत दुसरा होता, चौथा कसा झाला? शकुमावशींच्या सुनेनं लिहिलं, फोटो मोठा करून बघा, चरित्राच्या मागं आमची जागा, तिथं दिवाळी अंक घुसवलाय, ही दादागिरी चालणार नाही. कुणीतरी दिवाळी अंकाला आव्हान दिलं. दिवाळी अंकवाल्यानं उलट आव्हान दिलं. मग सगळ्यांनी एकमुखानं मागणी केली की, म्याडम, रोज असाच फोटो टाकत जा, पुरावा राहतो. शरम हा शब्द कुणी वाचलाही नव्हता. संध्याकाळी नानांचा फोन आला. आवाज एकदम खाली. म्हणाले, रांगेत तिसरा जो शब्दकोश आहे, तो आमच्या कार्डावरचा आहे. आमच्या सौभाग्यवतींनी... तेवढा फोटोतून काढता येईल का?

मी घरी ओलं फडकं डोक्यावर घेऊन आडवी पडले. मग मला हसू फुटलं. असं हसू की फडकं डोक्यावरून खाली पडलं. शिबिरातल्या विद्वानांनी सांगितलं होतं, लोकांना काय हवंय ते ओळखा आणि तिथं जाऊन उभे राहा. आमचं वाचनालय तर आधीच जाऊन उभं राहिलं होतं, उन्हात, सगळ्यांच्या पुढं.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर फर्मान काढलं. पुस्तक रांगेत ठेवा, पण प्लास्टिकच्या पिशवीत. फोटो मी रोज टाकीन. पण ज्याचं पुस्तक रांगेत, त्यानं त्या पुस्तकातलं काहीतरी रोज ग्रुपवर सांगायचं. लिहा नाहीतर बोलून पाठवा. जो सांगणार नाही त्याची जागा फोटोत धरली जाणार नाही. भिवाजीला वाटलं आता वसाहत मला मारणार.

पण पाण्यापुढं माणूस काय करत नाही? पहिले निरोप यायला लागले ते शाळेत छड्या खाल्ल्यासारखे. 'ज्वारीला काणी रोग पडतो. आमच्याही पडला होता.' शकुमावशींच्या वाट्याला मधमाशीपालन आलं होतं. सुनेकडून ऐकून त्या बोलून पाठवायच्या: "इतकी पानं झाली, आजून माशी आली नाय. नुसती पेटीच बनवायलेत." मग एके दिवशी माशी आली, आणि शकुमावशींचा आवाज असा खुलला की अख्ख्या ग्रुपनं ऐकला. राणीमाशी एकटी बसून खाते आणि बाकीच्या बाया पाणी आणायला जातात, हे ऐकून त्या भडकल्या. त्यावर दोन दिवस वाद झाला. कंपनीतली माणसं जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी ग्रुप उघडायला लागली. थोर चरित्र ज्याच्याकडं होतं तो वेल्डर रोज अशा जागी थांबायचा की लोक त्याला शिव्या घालायचे. रांगेत टँकरची वाट बघत बसलेल्या बाया पिशवीतून पुस्तक काढून एकमेकींना वाचून दाखवायच्या. बसल्या बसल्या करायचं काय, एवढंच त्याचं कारण. पण जगात बहुतेक लोक वाचायला लागतात ते ह्याच कारणानं.

सभेची मात्र धास्ती होतीच. मी रोज फोटोखाली लिहायची, रविवारी सकाळी दहाला या, नाहीतर वाचनालय जाईल. रोज अंगठे यायचे. अंगठ्यांचा मला काडीचा भरवसा नव्हता. अंगठा दाखवायला घराबाहेर पडावं लागत नाही.

रविवार उजाडला. मी आणि भिवाजीनं पहाटेच खुर्च्या मांडल्या, सतरंजी झटकली, आणि मी नानांना आणायला त्यांच्या घरी गेले. नाना इस्त्रीचा सदरा घालून निघाले. आम्ही कोपऱ्यावर येतो न येतो तोच शेजारून धुरळा उडवत रफिकभाईंचा टँकर गेला. नेमका सभेच्या वेळेला, सकाळी दहाला! चार दिवस फिरकला नव्हता, आणि आज मुहूर्त काढला. पटांगणात सगळी वसाहत घागरी, ड्रम, पातेली घेऊन टँकरला लोंबकळलेली. आमच्याकडं कुणी वळूनही बघितलं नाही. संपलं, म्हटलं. पाण्यापुढं पुस्तक हरणारच, आणि हरावंच. मी तरी घरात थेंब नसताना सभेला बसले असते का?

सभागृहाच्या दारात शेठ उभे होते, हातात मोजमापाची टेप. आत जायला ते आणि नाना एकदमच वळले, आणि दोघंही उंबऱ्यात थबकले.

आत एकही माणूस नव्हता. पण एकही खुर्ची मोकळी नव्हती. प्रत्येक खुर्चीवर काहीतरी होतं. कुठं अर्धी वीट, कुठं एका पायातली चप्पल, कुठं चिरलेला मग, कुठं डब्याचं झाकण. खुर्च्या संपल्या तिथं सतरंजीवर ओळीनं विटा. दारामागं भिवाजी उभा होता, राखणीला.

शेठ बसायला म्हणून पहिल्या खुर्चीकडं गेले. विटेकडं हात नेला. आणि हात तिथंच थांबला. गुलमंडीतही त्या वर्षी नळाला थेंब नव्हता, त्यांच्याही घरचं कुणीतरी कुठंतरी वीट ठेवून आलं असणार. त्यांनी हात मागं घेतला आणि पुटपुटले, "कुणाची तरी जागा आहे." मग भिंतीला टेकून उभे राहिले.

कार्यकारिणीतला एकजण घड्याळ बघून म्हणाला, दहा वाजून गेले, सभासद हजर नाहीत, नियमाप्रमाणं निर्णय आपल्याकडं आला. सगळ्यांनी नानांकडं बघितलं. मीही बघितलं. देव आठवत होते. नानांनी घटनेची पुस्तिका खिशातून काढली, उघडली, बराच वेळ चाळली आणि मिटून परत खिशात ठेवली.

"जागा धरली म्हणजे माणूस हजर," नाना म्हणाले. "उन्हाळाभर सगळी वसाहत हाच नियम पाळतीय. टँकर सुटेपर्यंत थांबायचं."

आणि आम्ही थांबलो, उभ्यानं. बाहेर टँकरचा पाईप घसघसत होता, बाया एकमेकींवर ओरडत होत्या, आणि आत विटा शांत बसल्या होत्या. आयुष्यात इतकी शिस्तीची सभा मी बघितली नाही.

टँकर सुटला. मग ते आले. ओले पदर, ओल्या चपला, डोक्यावरच्या चुंबळी तशाच. जो तो आपापल्या खुर्चीशी गेला, वीट उचलली आणि बसला. शकुमावशी वीट मांडीवर घेऊनच बसल्या. ठराव वाचून व्हायच्या आत त्या उठल्या आणि म्हणाल्या, "गोदाम नको. माझी राणीमाशी आजून राह्यलीय." एवढंच भाषण झालं. हात वर झाले, काहींच्या हातात विटा तशाच होत्या. शेठनी टेप खिशात घातली आणि जाताना भिवाजीकडं प्यायला पाणी मागितलं. ताज्या टँकरचं दिलं त्यांना.

आता वसाहतीत नळ आलाय, म्हणजे अधूनमधून येतो. रांग गेली. तो ग्रुप मात्र अजून चालू आहे. राणीमाशीचा वाद मिटलेला नाही. मी निवृत्त होऊन इकडं शहरातल्याच सातारा परिसरात आले, लिफ्टच्या आणि वॉचमनच्या राज्यात. समोरच्या दारात कोण राहतं ते मला ठाऊक नाही. एकत्र भांडलोच नाही तर कळणार कसं?

परवा सोसायटीत टँकर आला त्याच दिवशी ग्रुपवर वाचनालयाच्या यंदाच्या सभेचं बोलावणं होतं, आजच्या तारखेचं. मी लिहून टाकलं होतं की गुडघ्यांनी असहकार पुकारलाय, ऊन फार आहे, यंदा जमणार नाही, सगळ्यांना नमस्कार. अंगठे आले. मला जरा वाईट वाटलं, पण म्हटलं, चालायचंच.

आज सकाळी चहा ठेवला आणि मोबाईल वाजला. भिवाजीनं फोटो पाठवला होता. सभागृह तेच, वर नवीन पत्रा. खिडकीशेजारची माझी जुनी खुर्ची. तिच्यावर एक अख्खी, कोरी वीट. खाली त्याचा आवाज होता: "म्याडम, तुमची जागा धरलीय. टँकर सुटायच्या आत या."

मी गॅस बंद केला आणि रिक्षावाल्याला फोन लावला.